हा बट्टा आपणच लावतो

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की बँकेच्या लॉकर विभागात वर्दळ वाढते. लक्ष्मीपूजनासाठी दागिने, चांदीची भांडी आणि घराण्यातले जुने रुपये घरी नेण्याची ही वेळ. काही वर्षांपूर्वी इंदूरच्या शाखेत असताना अशाच एका सकाळी सत्तरीच्या एक मराठी काकू लॉकरचे काम आटोपून माझ्या टेबलापाशी आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. बोलणे मोजके आणि नेमके. त्यांनी बटव्याची नाडी सोडून सासूबाईंकडून आलेले १९ रुपये माझ्यासमोर मांडले. सतरा राणीछाप आणि राजाछाप, दोन होळकरांचे, सूर्याचे मुख कोरलेले. सगळेच काळपट झालेले.

"साहेब, किती काळे पडलेत बघा. दिवाळीच्या आधी सराफ्यातून उजळवून आणू म्हणते. आणि यांचं मोल किती होईल हो?"

प्रश्न दोन होते. पण दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून होते. मी म्हटले, "काकू, मोलाचं नंतर पाहू. आधी एवढं करा, उजळवू मात्र नका."

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकलो याचे कारण पुस्तकी ज्ञान नव्हे. तीच चूक माझ्या हातून घडली होती आणि तीही एकदा नव्हे, सलग सात-आठ दिवाळ्या.

घासलेला रुपया

सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी आजोबांच्या वेळचे ११ चांदीचे रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते घासून लख्ख करणे हे घरातल्या धाकट्याचे, म्हणजे माझे काम. आधी लिंबू आणि रांगोळी, पुढे टूथपेस्ट आणि जुना ब्रश. रुपया आरशासारखा चमकू लागला की आजी पाठीवरून हात फिरवायची. त्या शाबासकीपायी मी दरवर्षी अधिकच जोर लावून घासत असे.

बँकेत रुजू झाल्यानंतर पुण्यात एका वयोवृद्ध संग्राहकांशी ओळख झाली. एका भेटीत मी ते ११ रुपये मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवले. भिंग लावून त्यांनी एकेक रुपया पाहिला आणि एकापाशी थांबले. तो १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया होता. त्या वर्षीच्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो प्राणी लोकांना डुकरासारखा दिसला. असंतोष पसरला, सरकारने ती नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारून नवी नाणी पाडली. म्हणूनच १९११ चा रुपया संग्राहकांना हवाहवासा असतो.

माझा चेहरा उजळला असणार. तेवढ्यात त्यांनी विचारले, "हा घासला कोणी?"

मग त्यांनी आपल्या खणातून त्याच वर्षाचा दुसरा रुपया काढला. तो करडा, थोडा निळसर, पाहताक्षणी माझ्या रुपयापेक्षा कितीतरी मंद. पण दिव्याखाली तो किंचित तिरका फिरवताच त्याच्या पृष्ठभागावरून प्रकाशाची एक लहर गोल फिरून गेली. माझा रुपया तसाच फिरवून पाहिला. तो सगळीकडून एकसारखा पांढरा दिसत होता आणि भिंगाखाली त्यावर केसासारख्या बारीक रेघांचे जाळे पसरले होते. त्यातली प्रत्येक रेघ माझ्या ब्रशाची होती. "नाणं अस्सल आहे," ते म्हणाले, "पण संग्राहक ज्याचे पैसे देतो ते आता यावर उरलेलं नाही. आणि ते परत आणता येत नाही."

आजीची शाबासकी मला त्या क्षणी आठवली. ती चुकली नव्हती, मीही चुकलो नव्हतो. आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणूनच हा लेख.

'बट्टा' हा शब्द कुठून आला?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'बट्टा' म्हणजे वटवणुकीतील कपात एवढेच ठाऊक असते. मराठी माणसाला 'नावाला बट्टा लागणे' ठाऊक असते. दोन्हींचे मूळ नाण्यात आहे. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, शिवाय इतर कितीतरी. प्रत्येकाचे वजन आणि कस थोडा वेगळा. त्यातच वापराने होणारी झीज. हिशेब चुकता करताना सराफ आणि पोतदार नाणे हातात घेऊन पारखीत आणि त्याच्या कमतरतेपोटी जी वजावट करीत ती म्हणजे बट्टा.

म्हणजे नाण्याच्या अवस्थेवरून त्याचे मोल ठरवणे हा काही बाहेरून आलेला छंद नाही. 'खणखणीत नाणे', 'बंदा रुपया', 'पारखी नजर' हे शब्द रोज वापरणाऱ्या समाजाची ती जुनी विद्या आहे. फरक एवढाच की त्या काळी बट्टा लागे तो लोकांच्या हातांतून फिरताना झालेल्या झिजेमुळे. आज घराघरांतील नाण्यांना तो लागतो आपण हौसेने केलेल्या सफाईमुळे. माझे म्हणणे थोडक्यात असे : घरातील जुन्या नाण्याची सर्वाधिक हानी चोर करीत नाही, दमट हवाही करीत नाही, ती आपणच करतो आणि तीही चांगल्या हेतूने.

काळे पडणे म्हणजे खराब होणे नव्हे

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचे अतिशय पातळ पुट चढते. ते पुट बाहेरून येऊन चिकटलेली धूळ नव्हे, त्यात नाण्याचीच चांदी असते. त्यामुळे काळेपणा घासून काढणे म्हणजे चांदीचा एक थर काढून टाकणे. त्याबरोबर जाते ते अधिक मोलाचे. ठशाचा प्रचंड दाब पडताना धातू ज्या सूक्ष्म रेषांनी पसरला, त्या रेषांमुळेच अस्सल टांकसाळी झळाळी दिसते. त्या पहिल्या एक-दोन घासण्यांतच नाहीशा होतात. मग उरते ती भांड्याची चमक, नाण्याची नव्हे.

तांब्याच्या नाण्याबाबत तर अधिकच जपावे लागते. आपल्याकडे जुन्या घरांत शिवराई सापडते. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा. छत्रपती शिवाजी महाराजांनंतरही तो दीर्घकाळ पाडला जात होता. अक्षरांचे वळण, ठिपके आणि चिन्हे यांवरून अभ्यासक त्याचे प्रकार ओळखतात. चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवलेल्या शिवराईवरून नेमक्या याच खुणा पुसट होतात. सकाळी हाती येतो तो गुलाबी तांब्याचा एक तुकडा. त्याने काय पाहिले हे तो यापुढे कोणालाही सांगू शकत नाही.

एकाच नाण्याची तीन मूल्ये

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळतो. कोणत्याही नाण्याला तीन मूल्ये असतात आणि बहुतेक गैरसमज ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

पहिले दर्शनी मूल्य, म्हणजे नाण्यावर लिहिलेली रक्कम. चलनात असलेल्या नाण्यापुरतेच ते लागू. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. त्यांना आता हे मूल्य उरलेले नाही.

दुसरे धातुमूल्य. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि बाकी तांबे, निकेल व जस्त. १९४७ च्या रुपयात तर चांदी मुळीच नाही, तो निकेलचा. 'राजाछाप म्हणजे शुद्ध चांदी' हा समज अशा रीतीने फसवा ठरतो.

तिसरे संग्रहमूल्य. ते दुर्मीळता, अवस्था आणि मागणी या तिन्हींवर ठरते आणि केवळ वय पाहून ते कळत नाही. सोनेतारण कर्ज देताना आम्ही दागिन्याची घडणावळ किंवा खडे धरीत नाही. फक्त सोन्याचे वजन व शुद्धता पाहतो. संग्राहक नेमका याच्या उलट वागतो. तो धातू जवळजवळ विसरतो आणि घडणावळीचेच पैसे मोजतो. ती घडणावळ आपण ब्रशाने पुसून टाकली की नाणे संग्राहकाच्या ताजव्यातून उतरून सराफाच्या ताजव्यात जाते. ११ रुपयांचे वजन करून सराफ एक आकडा सांगतो आणि घराण्याचा ठेवा मोडीच्या भावात विकला जातो.

जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

काकूंच्या १७ रुपयांपैकी पाच १८६२ सालचे निघाले. "दीडशे वर्षांहून जुने!" त्या हरखून म्हणाल्या. मला त्यांची निराशा करावी लागली. १८६२ सालाचा ठसा पुढे अनेक वर्षे, सुमारे १८७४ पर्यंत, तसाच वापरला गेला. त्यामुळे '१८६२' लिहिलेले रुपये अफाट संख्येने पाडले गेले आणि आजही मुबलक मिळतात. याउलट षष्ठ जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहून ७७ वर्षांनी धाकटा असूनही फार क्वचित दिसतो. मोल वर्षांनी ठरत नाही. किती नाणी शिल्लक आहेत आणि किती जणांना ती हवी आहेत, यावर ठरते. मागणी-पुरवठ्याचा महाविद्यालयात शिकलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांनाही हेच लागू. सालाखालील बारीक खूण पाहावी. चौकटीसारखी चिरोटी दिसली तर मुंबई टांकसाळ, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालातील एका टांकसाळीचे नाणे सहज मिळते आणि दुसरीचे शोधावे लागते. हाताशी सुट्टे असतील तर आज संध्याकाळी मुलांना घेऊन या खुणा शोधून पाहा. या छंदाला प्रारंभी एक पैसाही लागत नाही.

पारख कशी करावी?

पारखीला चार पायऱ्या आहेत : ओळख, अस्सलपणा, अवस्था आणि भाव. आपण बहुधा शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो.

ओळख म्हणजे राजवट, साल, टांकसाळ आणि धातू. अस्सलपणासाठी घरच्या घरी तीन कसोट्या पुरतात. पहिली वजनाची. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा आता सहज मिळतो. वापरलेला रुपया ११.६६ पेक्षा किंचित कमी भरणे स्वाभाविक. पण १० ग्रॅम भरला तर संशय घ्यावा. दुसरी चुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही. तिसरी घनतेची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला टेकू न देता पाण्यात बुडवावा. काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की १०.३ च्या आसपास उत्तर आले पाहिजे. ते ९ च्या खाली आले तर तो रुपया चांदीचा नाही. नंतर नाणे घासून न पुसता मऊ कापडावर टिपून कोरडे करावे. नाद ऐकण्यासाठी नाणे फरशीवर आपटण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण काठाला पोचा आला की बट्टा लागलाच.

अवस्था पाहताना नाण्यावरील सर्वांत उंच भागाकडे लक्ष द्यावे, कारण झीज तिथेच प्रथम होते. राणीच्या केसांच्या बटा, राजाच्या मुकुटावरील खडे, झग्यावरचे नक्षीकाम. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० गुणांची श्रेणी आज जगभर वापरली जाते. घरच्या नाण्याला इतक्या सूक्ष्म गुणांची गरज नाही. अक्षरे वाचता येतात का, बारीक नक्षी कितपत शिल्लक आहे आणि मूळ झळाळी टिकली आहे का, या तीन प्रश्नांवर बरेचसे कळते. माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेले किंवा कडी लावलेले नाणे वेगळे ठेवावे. कडी काढून डाग घासला तरी अनुभवी डोळ्याला तो दिसतोच.

भाव पाहावा तो मागितलेला नव्हे, तर प्रत्यक्ष मिळालेला. नाण्यांच्या लिलावांच्या सूचींत लिलावानंतरचे भाव छापलेले असतात. आपल्यासारखेच, त्याच अवस्थेतील नाणे तिथे शोधावे. परकीय चलनाचा खरेदीदर आणि विक्रीदर जसा निराळा असतो, तसाच व्यापाऱ्याचाही असतो. तो त्याचा न्याय्य मोबदला आहे, फसवणूक नव्हे. मात्र एकाच व्यापाऱ्याचे मत घेऊन थांबू नये.

आणि फसवणूक कोणती?

आमच्या शाखेतील एक निवृत्तिवेतनधारक एके दिवशी घाईघाईने पैसे पाठवण्याचा अर्ज भरू लागले. माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आपण काही लाखांना विकले आहे आणि रक्कम मिळण्यापूर्वी 'नोंदणी शुल्क' भरायचे आहे, असे त्यांनी सांगितले. दोन हप्ते त्यांनी आधीच भरले होते, हा तिसरा. तो आम्ही थांबवू शकलो, पहिले दोन मात्र गेलेच.

ते नाणे २०१२ मध्ये निघालेले, चलनात सर्वत्र फिरलेले स्मारक नाणे आहे. असल्या नाण्याला कोणी लाख रुपये देत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही. नियम एकच लक्षात ठेवावा. खरा खरेदीदार नाणे पाहतो आणि पैसे देतो. तो विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

याच जातीचे आणखी दोन सापळे आहेत. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' अशी अक्षरे आणि मागे हनुमान किंवा रामदरबार असलेली तांब्याची 'नाणी' ही कंपनीने पाडलेली नाणी नव्हेत; ते अलीकडच्या काळात बनवलेले टोकन आहेत. त्यांतल्याच एखाद्याला 'तांदूळ ओढणारे' म्हणून कोट्यवधींची आमिषे दाखवली जातात. ज्या घरात नाण्यांची नीट ओळख आणि नोंद असते, त्या घरात हे सापळे लागत नाहीत. जतन आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असे मी म्हणतो, ते यासाठी.

जतनाचे साधे नियम

नाणे नेहमी काठावर धरावे, खाली मऊ कापड अंथरून. बोटांचा घाम पृष्ठभागावर ठसा सोडतो आणि कालांतराने तो ठसा कायमचा होतो.

माती चिकटली असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि टिपून वाळवावे. घासू नये. चिकट, हिरवट चिकटा असेल तर तो बहुधा पीव्हीसीच्या पाकिटाचा प्रताप असतो. शुद्ध अ‍ॅसिटोनने तो निघतो; मात्र हे काम खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर करावे. याच्या पुढची कोणतीही सफाई घरी करू नये.

तांब्याच्या नाण्यावर घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर तो राहू द्यावा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षाराचा रोग होय. ते नाणे इतरांपासून वेगळे काढून संग्रहालयातील जाणकाराला दाखवावे. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा समुद्रकाठच्या वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

साठवण्यासाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत. नवे असताना ज्याला उग्र वास येतो ते प्लॅस्टिक टाळावे. वर्तमानपत्राचा कागद, लोकर, डांबराच्या गोळ्या, हळद-कुंकवाचा करंडा हे सारे वर्ज्य. आणि रबरबँडही! हे सांगताना बँकेतील माणूस म्हणून मला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण आमचे अर्धे जग रबरबँडने बांधलेले असते. पण रबरात गंधक असते आणि गंधक चांदीचा वैरी आहे.

लॉकरमध्ये ठेवताना सिलिका जेलची पुडी सोबत ठेवून ती वेळोवेळी बदलावी. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मधील सुधारित सूचनांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांसारख्या प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. म्हणून प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि वर्णन यांची यादी करून ती घरी ठेवावी. नामनिर्देशनही अवश्य करावे.

कायद्याचेही थोडे भान हवे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला आजीचा राणीछाप रुपया भेट म्हणून देण्यापूर्वी हे आठवावे.

दोन आक्षेप

"आम्हाला विकायचेच नाहीत, मग बट्टा लागला तर काय बिघडले?" असे अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आपण विकणार नाही म्हणजे नातवंडे विकणार नाहीत असे नव्हे. एखाद्या घरात या ठेव्यातून मुलीच्या शिक्षणाचे एखादे सत्र निघू शकते. आणि विक्री कधीच झाली नाही, तरी नाणे हा एक लेख आहे. आजोबांचे पत्र पिवळे पडले म्हणून आपण ते धुवायला टाकत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. लक्ष्मीला काळे रुपये कसे वाहावेत? माझ्या अल्पमतीला वाटते की स्वच्छता म्हणजे चकाकी नव्हे. तरीही मन मानत नसेल तर अभिषेकासाठी चांदीचे एक नवे नाणे घ्यावे, हवे तेवढे उजळवावे. जुने रुपये कोरड्या ताम्हनात शेजारी मांडून त्यांना फक्त फूल वाहावे. पूजाही होते आणि ठेवाही राहतो.

ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी मुंबईला आल्यावर फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय अवश्य पाहावे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात देशाच्या नाण्यांचा सारा प्रवास मांडलेला आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे तर नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थाच आहे.

आता पुन्हा इंदूरला येतो. दिवाळी झाल्यावर काकू रुपये परत लॉकरमध्ये ठेवायला आल्या. सराफ्यात त्या गेल्या नव्हत्या. प्रत्येक रुपया वेगळ्या पाकिटात होता आणि सोबत एक वही. शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात त्यांनी यादी केली होती. साल, वजन, खूण. शेवटच्या रकान्याला शीर्षक होते 'आठवण'. बहुतेक ओळींत तो रिकामा होता. पण होळकरांच्या एका रुपयापुढे लिहिले होते, 'सासूबाईंना लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांच्या सासऱ्यांनी दिलेला.'

हा रकाना मला सुचला नव्हता. घरी गेल्यावर मीही तशी वही केली. आमच्या ११ रुपयांवर ब्रश फिरल्याला आता बरीच वर्षे झाली. ते हळूहळू पुन्हा करडे होत आहेत. रेघा जायच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. गेल्या लक्ष्मीपूजनाला आई म्हणाली, "काळे दिसतात रे." मी म्हटले, "राहू दे." मग १९११ च्या रुपयापुढे 'आठवण' या रकान्यात लिहिले, 'हा मी घासला. आजीने पाठीवरून हात फिरवला होता.'